क्रांतीचं पुस्तक घेण्याआधी त्याचा सातबारा पाहा

आमच्याकडे बांधाचं भांडण ऐकायला बसलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. धाकटा भाऊ सुरुवात करतो ती यंदा मृगात नांगर कुठवर सरकला तिथून. थोरला सुरुवात करतो आजोबांनी वाटणी केली त्या सालापासून. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलतात, पण कोणी कुठून सुरुवात केली यावरूनच त्याचा निकाल काय असणार ते कळतं.

रशियन राज्यक्रांतीवरची पुस्तकं अगदी अशीच आहेत. तालुक्याच्या वाचनालयात मी रविवारी बसतो, तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं एखादं पोरगं हमखास विचारतं, "काका, रशियन क्रांतीवर एकच पुस्तक सांगा ना, चांगलं." एकच सांगितलं तर मी त्याला एकाच भावाची बाजू ऐकवून घरी पाठवल्यासारखं होईल. म्हणून मी निवडायचं कसं ते सांगतो.

आधी एक संध्याकाळ तारखांना द्या

जाड पुस्तकाला हात लावण्याआधी मराठी विश्वकोशातली रशियावरची नोंद वाचा. ती फुकट आहे, मराठीत आहे आणि घटनांचा क्रम डोक्यात बसवायला पुरेशी आहे. वाचताना वहीत तीन गोष्टी टिपून ठेवा, नाहीतर पुढे पानोपानी अडखळाल.

पहिली, पंचांग. 1917 साली रशियात जुनी दिनदर्शिका चालत होती, आपल्यापेक्षा 13 दिवस मागे. म्हणून 'ऑक्टोबर क्रांती' 25 ऑक्टोबरला झाली असं एक पुस्तक म्हणतं आणि दुसरं 7 नोव्हेंबर म्हणतं, दिवस एकच. झारची सत्ता उलथवणारी 'फेब्रुवारी क्रांती'ही आपल्या हिशेबाने 8 मार्चला सुरू झाली. त्या दिवशी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया भाकरीसाठी संप करून रस्त्यावर आल्या होत्या. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घराची घड्याळं चालली, त्या अमळनेरच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी, शहराचं नाव. सेंट पीटर्सबर्ग 1914 साली पेट्रोग्राड झालं, 1924 साली लेनिनग्राड आणि 1991 साली पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. तिसरी, 'बोल्शेविक' आणि 'मेन्शेविक'. रशियातल्या एकाच समाजवादी पक्षात 1903 साली पडलेली ही फूट, शब्दांचा अर्थ बहुमतवाले आणि अल्पमतवाले.

मग स्वतःचा प्रश्न ठरवा

'मला क्रांती समजून घ्यायची आहे' हा प्रश्न नव्हे. शेतकऱ्याच्या घरातला वाचक बहुधा विचारतो, जमीन कोणाला मिळाली? चांगला प्रश्न. त्या काळच्या रशियात दर दहांतली आठहून जास्त माणसं खेड्यात राहत होती. ऑक्टोबरात सत्ता हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी बोल्शेविकांचा नेता लेनिन याने जमिनीचा हुकूमनामा मांडला, आणि त्यातला मजकूर बराचसा शेतकऱ्यांनीच पाठवलेल्या मागण्यांवरून घेतला होता. तुमचा प्रश्न हा असेल, तर फक्त राजधानीच्या रस्त्यांवर फिरणारं पुस्तक तुम्हाला अर्धंच उत्तर देईल. गिरणी कामगारांबद्दल कुतूहल असेल तर मात्र तेच पुस्तक सोन्यासारखं.

पहिलं साल आणि शेवटचं साल

आता बांधाच्या भांडणाकडे परत येऊ. पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठ, मलपृष्ठावरची स्तुती वगैरे सोडा. अनुक्रमणिका उघडा आणि पहिलं प्रकरण कोणत्या सालचं, शेवटचं कोणत्या सालचं एवढंच बघा.

लेनिनचा सहकारी, लाल सेना उभी करणारा ट्रॉट्स्की याचा तीन खंडांचा इतिहास 1917 च्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत धावतो आणि विजयाशी थांबतो. रिचर्ड पाइप्स यांचं 1990 सालचं जाडजूड पुस्तक 1899 सालच्या विद्यार्थ्यांच्या गडबडीपासून सुरू होतं. म्हणजे मुळात असंतुष्ट सुशिक्षितांकडे बोट. ऑर्लँडो फायजेस 'अ पीपल्स ट्रॅजेडी'मध्ये 1891 च्या दुष्काळापासून निघतात आणि 1924 साली, लेनिनच्या मृत्यूपाशी थांबतात, नावातच शोकांतिका. शीला फिट्झपॅट्रिक यांचं छोटं पुस्तक 1917 वर थांबत नाही, पुढे 1930 च्या दशकापर्यंत जातं, कारण त्यांच्या मते क्रांती तिथवर चालूच होती. ई. एच. कार यांनी बोल्शेविक क्रांतीचे तीन खंड 1917 ते 1923 या काळाला दिले, आणि त्यांचा भर लढायांपेक्षा राज्य कसं उभं राहिलं यावर आहे.

आहे ना गंमत? अजून एक पानही वाचलेलं नाही आणि लेखक कोणत्या बाजूने बोलणार याचा अंदाज आला. विजयापाशी थांबलेली गोष्ट वेगळी लागते, दुष्काळापासून निघून मृत्यूपाशी थांबलेली वेगळी. यातलं एकही साल खोटं नाही.

लेखक त्या दिवशी कुठे होता?

जॉन रीड हा अमेरिकन पत्रकार 1917 च्या शरद ऋतूत पेट्रोग्राडमध्ये होता. त्याचं 'टेन डेज दॅट शूक द वर्ल्ड' 1919 साली आलं आणि लेनिनने त्याला प्रस्तावना लिहिली. तो बोल्शेविकांचा चाहता होता आणि ते लपवतही नाही. मला तो वाचायला आवडतो, कारण सभा, पत्रकं, थंडी, गर्दी सगळं अंगावर येतं. मात्र त्याने पाहिलं तेवढंच सांगितलं. खेड्यात काय चाललं होतं ते त्याला कळायला मार्ग नव्हता.

सुखानोव्हचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. तो मेन्शेविक, सगळ्या बैठकांना हजर राहणारा, दैनंदिनी लिहावी तशा आठवणी लिहून ठेवणारा. बोल्शेविकांच्या मध्यवर्ती समितीने सशस्त्र उठावाचा निर्णय घेतला ती 10 ऑक्टोबरची बैठक याच माणसाच्या घरात भरली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता! बायको बोल्शेविक. तिने त्याला सुचवलं की आज उशीर होईल, घरी येण्याची तसदी घेऊ नकोस. 'मी तिथे होतो' म्हणणाऱ्या साक्षीदाराच्याही नजरेतून काय निसटतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हा सुखानोव्ह पुढे स्टालिनच्या राजवटीत 1940 साली गोळी घालून मारला गेला.

ट्रॉट्स्की वाचताना एक ध्यानात ठेवा. तो स्वतःचा उल्लेख 'ट्रॉट्स्की' असा तृतीयपुरुषी करतो, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल लिहितोय. हद्दपारीत लिहिलेलं हे पुस्तक आहे. सत्ता गेलेल्या माणसाची कैफियत आणि अव्वल इतिहासकाराची नजर, दोन्ही एकाच पानावर सापडतात.

आवृत्तीची फेरफार नोंद

सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे यापेक्षा ते कोणत्या फेरफाराने चढलं हे तलाठ्याकडे आपण आधी विचारतो. सोव्हिएत पुस्तकांना हाच नियम लावा. माझ्या हाती लागलेलं पहिलं पुस्तक एका निवृत्त गिरणी कामगाराच्या पेटीतलं होतं, 1938 सालच्या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या संक्षिप्त इतिहासाचं भाषांतर. त्यात ट्रॉट्स्की पहिल्यापासून गद्दार. मी ते श्रद्धेने वाचलं, आणि पुढे कितीतरी वर्षं लाल सेना उभी कोणी केली हे मला माहीत नव्हतं.

मॉस्कोत छापलेली ती स्वस्त, घट्ट बांधणीची पुस्तकं फेकू नका. त्यांवरचं छपाईचं साल बघा. 1953 पूर्वीचं असेल तर स्टालिनकाळातलं, 1956 नंतरचं असेल तर त्याच्यावर टीका सुरू झाल्यानंतरचं, 1985 नंतरचं असेल तर आणखी मोकळं. स्टालिनचा गुप्त पोलीस प्रमुख बेरिया याला पदावरून काढून मारल्यावर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं पाठवण्यात आली होती: बेरियावरची नोंद कापून टाका आणि ही बेरिंग समुद्रावरची जागी चिकटवा. 1991 नंतर रशियन दफ्तरखाने बरेच उघडले, त्यामुळे त्याआधीचं पुस्तक पश्चिमेतलं असलं तरी मूळ कागद कमी पाहून लिहिलेलं असणार. मराठी भाषांतर असेल तर ते रशियनवरून झालंय की इंग्रजीवरून, हेही पहिल्या दोन पानांवर शोधा.

दहा मिनिटांची परीक्षा

कपाटासमोर उभ्या उभ्या पुस्तकाच्या शेवटची सूची उघडा. 'संविधान सभा' आहे का बघा. 1917 च्या अखेरीस तिच्यासाठी निवडणूक झाली, बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मतं मिळाली, शेतकऱ्यांत वजन असलेल्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला त्याहून बरीच जास्त; जानेवारी 1918 मध्ये ती सभा एका बैठकीनंतर बंद केली गेली. मग 'क्रोनस्टाट' बघा, मार्च 1921 चं नौसैनिकांचं बोल्शेविकांविरुद्धचं बंड. हे दोन्ही नसेल तर पुस्तक क्रांतीच्या प्रेमात आहे. उलट बाजूची परीक्षाही घ्या. पहिल्या महायुद्धातली होरपळ आणि ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जपान यांनी रशियात उतरवलेल्या फौजा यांना जेमतेम एक परिच्छेद दिला असेल, तर ते पुस्तक क्रांतीच्या रागात आहे. दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचा. फक्त जोडीने वाचा.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी रीड आणि फिट्झपॅट्रिक अशी जोडी देतो. एक आतला, घाईतला आवाज. दुसरा साठ-सत्तर वर्षांनी मागे वळून पाहणारा. इंग्रजीची भीती असेल तर रीडची दहा पानं रोज, शब्दकोशासह. ते पुस्तक इंटरनेटवर कायदेशीररीत्या फुकट आहे. वादाची चटक लागली की मग कार आणि पाइप्स.

मिळणार कुठे?

तालुक्याच्या वाचनालयात एवढी इंग्रजी पुस्तकं नसतात, हे खरं. जळगावच्या विद्यापीठाचं ग्रंथालय आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं आधी पालथी घाला. मराठीत अण्णा भाऊ साठे यांचा 'माझा रशियाचा प्रवास' अवश्य घ्या; तो क्रांतीचा इतिहास नाही, पण इथल्या श्रमिकाने त्या देशाकडे कोणत्या आशेने पाहिलं ते त्यातून कळतं. आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या आठवणी. 1920 साली मॉस्कोत वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनशी वाद घालणारा हा माणूस 1936 च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरच्या काँग्रेसला आला होता. यावल-रावेरकडच्या वाचकाने तिथून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.

गेल्या महिन्यात ज्याला जोडी दिली, तो पोरगा वही घेऊन परत आला. डावीकडे रीड, उजवीकडे फिट्झपॅट्रिक, मधे तारखा. म्हणाला, "काका, बोल्शेविकांनी हिवाळी राजवाडा घेतला तो दिवस दोघांकडे सारखा नाही वाटत. मंग खरं काय से?" आता त्याला सुखानोव्ह हवाय. आमच्या कपाटात नाही. जळगावला चौकशी करायला सांगितलंय.