उठताना काठी विसरणाऱ्यांसाठी
पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात माणूस काठी न घेताच उठतो आणि पडतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बाबांचे असेच होई. 'उठण्यापूर्वी काय घ्यायचे?' असे विचारून 'काठी' हे उत्तर आपणच सांगावे, त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे आणि काठी हातात द्यावी. मग हाच प्रश्न १, २, ४, ८ मिनिटांनी विचारावा. चुकल्यास 'आठवा बघू' म्हणून ताणू नये, कारण अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच पक्के बसते; लगेच बरोबर उत्तर सांगून आधी जमलेल्या मिनिटांच्या अंतरावर परत यावे. आता रंकाळ्यावर निघताना बाबांचा हात आपसूक काठीच्या गुळगुळीत मुठीकडे जातो. गोंधळ अचानक वाढला, तर मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावे.