मेश वायफायचे दोन बँड वेगळे करताना होणाऱ्या चुका टाळा

घरात मेश (एकमेकांशी जोडलेल्या अनेक छोट्या राउटरांचे, म्हणजे नोडांचे, वायफाय) बसवले आणि वरच्या मजल्यावर व्हिडिओ अडखळला की सल्ला ठरलेला असतो : २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडना, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांना, वेगवेगळी नावे द्या आणि फोन हाताने ५ वर जोडा. घरात एकच राउटर असे तेव्हा हा सल्ला चालून जात होता. मेशमध्ये तो बहुधा नुकसान करतो. इंदूरमध्ये रामबागेत, लोकमान्यनगरात किंवा सुदामानगरात 'मेश चालत नाही' म्हणून ज्या घरी मला बोलावणे आले, तेथील उपकरणे बहुतेक वेळा ठणठणीत होती आणि सेटिंगला मात्र कोणाचा तरी उत्साही हात लागलेला होता.

२.४ गिगाहर्ट्झची लहर विटांच्या भिंतींतून तुलनेने सहज जाते, पण तिचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते, परंतु एकदोन भिंती आणि स्लॅब ओलांडताना तिचा जोर ओसरतो. दोन्ही बँड एकाच नावाखाली असले की मेश फोनला सोयीच्या बँडकडे आणि जवळच्या नोडकडे वळवू शकते. शेवटचा निर्णय अर्थात फोनच घेतो. आयफोन, उदाहरणार्थ, सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या जोराचे माप) खाली उतरल्याशिवाय दुसरा पर्याय शोधायलाच लागत नाही. नावे वेगळी केली की फोनच्या दृष्टीने ती दोन निराळी नेटवर्क होतात. तो ५ गिगाहर्ट्झला अगदी क्षीण होईपर्यंत चिकटून बसतो, मग जोडणी पूर्ण तोडून दुसऱ्या नावाशी नव्याने जोडून घेतो, आणि जिन्यात चाललेला व्हिडिओ कॉल तेवढ्यात बंद पडतो. त्यात वेगवान बँडच्या नावापुढे '५जी' लिहिण्याची प्रथा आहे. त्यामुळे घरातली निम्मी माणसे मोबाइल कंपनीचे ५जी वापरत असल्याच्या समजुतीत असतात आणि डेटा संपल्याची तक्रार भलत्याच ठिकाणी करतात.

दुसरी चूक याहून महाग पडते, आणि ती स्मार्ट प्लगपासून, म्हणजे फोनवरून चालू-बंद करता येणाऱ्या प्लगपासून, सुरू होते. बाजारातले बहुतेक स्मार्ट प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. फोन ५ वर असल्याने प्लग जोडला जात नाही असे दिसताच घाईचा माणूस अ‍ॅपमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ सरळ बंद करतो. रामबागेतल्या एका तीन मजली घरात काकूंच्या भाच्याने गीझरच्या प्लगसाठी हेच केले. प्लग जोडला गेला, काम झाले म्हणून भाचा पुण्याला परतला आणि ५ गिगाहर्ट्झ बंदच राहिले. दोनच बँड असलेल्या मेशमध्ये नोड एकमेकांशी बोलतात तेही मुख्यतः याच ५ गिगाहर्ट्झवरून. तो रस्ता बंद झाल्यामुळे वरचा नोड २.४ वर आला, जेथे गल्लीतल्या सगळ्या घरांची गर्दी असते, आणि नातवाचे ऑनलाइन वर्ग तुटू लागले. यावर उपाय म्हणून घरच्यांनी तिसरा नोड विकत आणून गच्चीच्या खोलीत ठेवला, म्हणजे त्याच अरुंद रस्त्यावर आणखी एक टप्पा वाढवला. इंटरनेट कंपनीचा माणूस फायबरचे टोक बदलून गेला. फायबरचा काही दोष नव्हताच.

मी गेलो तेव्हा पहिल्या मजल्यावरचा नोड लोखंडी कपाट आणि सेटटॉप बॉक्स यांच्या फटीत उभा होता आणि धूळ बसू नये म्हणून काकूंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला होता. रुमालाने सिग्नल अडत नाही, नोड तापतो एवढेच. लोखंडी कपाटाने मात्र नक्की अडतो. ५ गिगाहर्ट्झ पुन्हा चालू केले, तो नोड जिन्याच्या चौकात छातीच्या उंचीवर आणला आणि तिसरा नोड खोक्यात परत गेला. काकूंना त्या खर्चाचे वाईट वाटले, पण वर्ग सुरळीत झाले.

प्लगसाठी माझी सवय साधी आहे : पिशवीत केवळ २.४ गिगाहर्ट्झ पकडणारा एक जुना फोन असतो आणि प्लगची जोडणी मी त्यावरूनच करतो. तसा फोन नसेल तर घराच्या दूरच्या कोपऱ्यात जावे, कारण तेथे नवा फोनही बहुधा आपणहून २.४ वर येतो. बऱ्याच मेशमध्ये अशा उपकरणांसाठी केवळ २.४ चे वेगळे नेटवर्क काढता येते आणि मला तीच व्यवस्था सर्वात पसंत आहे : फोन आणि लॅपटॉपसाठी एक नाव, प्लग-बल्बसाठी दुसरे. गूगलच्या नेस्ट वायफायमध्ये बँडची नावे वेगळी करण्याची सोयच नाही, आणि त्यामुळे कोणाचे फार अडले आहे असे मला दिसलेले नाही.

प्लग तरीही जोडला जात नसेल, तर वायफायच्या सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवलेला नाही ना, हे आधी पाहावे. जुन्या उपकरणांना डब्ल्यूपीए२ लागते.

२.४ ची चॅनल-रुंदी (बँडमधल्या एका मार्गिकेची रुंदी) ४० मेगाहर्ट्झवर नेऊन वेग वाढवू पाहू नये. दाट वस्तीत २० च ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनल निवडावे.

वीज जाऊन आली की वरच्या नोडला सावरायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात रिसेटचे बटण दाबणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.

प्लग-बल्बांचे सोडले, तर नावे वेगळी करणे मला एकाच परिस्थितीत मान्य आहे : नोडसमोरचा टीव्ही हट्टाने २.४ वरच बसत असेल, तर त्याच्यापुरते ५ चे वेगळे नाव द्यावे, कारण टीव्ही जागचा हलत नाही. पण त्याआधी टीव्हीला केबल जोडता येते का हे पाहावे, आणि भिंतीत नळी टाकलेली असेल तर कॅट ६ ची (नेटवर्कची) तार नोडपर्यंतही न्यावी. तसे केल्यावर नोडमधले संभाषण तारेवर जाते आणि हवेतले दोन्ही बँड घरच्या उपकरणांसाठी मोकळे राहतात.