घरातली जुनी पाण्याची लाईन बदलताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठा असोत की यावल-रावेरकडची धाब्याची घरं, जुन्या घरातली नळाची लाईन बहुतेक जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपाची असते. तीस-चाळीस वर्षांत ती आतून गंजाने आणि क्षारांनी भरत येते, धार बारीक होते, सकाळचं पहिलं पाणी तांबडं निघतं. मग लाईन बदलायचं ठरतं. नवा पाईप सहसा दगा देत नाही. काम बिघडतं ते नवं जुन्याला जिथे जोडलं जातं तिथे, आणि जुन्या लाईनवर जे अवलंबून होतं त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

आधी पाईप ओळखा

लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर जीआय. चिकटलं नाही, नखाने किंवा नाण्याने खरवडल्यावर चकचकीत रुपेरी ओरखडा उठला, पाईप मऊ लागला आणि जोडावर कांद्यासारखा फुगवटा दिसला, तर ते शिसं आहे. इंग्रजांच्या काळातल्या दगडी बांधकामात असा तुकडा निघू शकतो. तो दिसला तर अर्धा ठेवून अर्धा बदलू नका, पूर्ण काढा. कापाकापीने आतला थर सुटतो आणि काही दिवस पाण्यात शिसं उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. आपल्याकडे नळ दोन-चार दिवसांआड येतात, म्हणजे पाणी पाईपात पडून राहतं, आणि जितकं पडून राहील तितकं शिसं उतरतं. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर लाईन बदलेपर्यंत त्या नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला घेऊ नका.

सर्वांत धोक्याची चूक: अर्थिंग तुटणं

जुन्या घरांत वायरमनने अर्थिंगची तार सरळ नळाच्या जीआय पाईपला गुंडाळलेली असते. मोरीच्या कोपऱ्यात, मीटर बोर्डाखाली शोधा, हिरवी किंवा उघडी तांब्याची तार सापडेल. तिथला पाईप काढून प्लास्टिकचा टाकला की घराचं अर्थिंग संपलं, आणि कुणाला कळतही नाही. महिन्याभराने कूलरच्या पत्र्याला झिणझिण्या येतात. खानदेशात मार्चपासून जूनपर्यंत कूलर दिवसरात्र चालतो, त्याला हात ओला असतानाच लागतो. त्यामुळे हा मुद्दा नळाचा नाही म्हणून सोडून देऊ नका.

पाईप कापायच्या आधी मेन स्विच बंद करा, कारण गळकी वीज पाईपात खेळत असू शकते आणि कापणारा माणूस दोन्ही टोकं हातात धरतो. लाईन बदलायच्या आधीच परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच बसवा.

अर्धी लाईन बदलणं

दिसतो तेवढा पाईप बदलायचा आणि ओट्याखालचा, गटारातला तसाच ठेवायचा, हे फार होतं. नळ गेले की मुख्य लाईन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. गटारातून गेलेल्या पाईपाला टाचणीएवढं छिद्र असलं तरी घाण आत जाते. कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. कावीळ, टायफॉईडची वाट ही आहे. म्हणून फेरूलपासून, म्हणजे रस्त्यातल्या मुख्य लाईनला आपली लाईन जिथे जोडलेली असते तिथपासून, टाकीपर्यंत सलग बदला. फेरूलचं काम आणि रस्ता खोदणं नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या परवानगीनेच होतं, तो अर्ज आधी द्या.

गटार ओलांडायचंच असेल तर पाईप एका मोठ्या पाईपातून न्या आणि गटाराच्या रुंदीत एकही जोड ठेवू नका. जमिनीखालच्या भागासाठी एमडीपीई किंवा एचडीपीई हा लवचिक प्लास्टिकचा पाईप बरा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या ओढाताणीत कडक पाईपाचा जोड उघडतो. चर किमान दोन फूट खोल घ्या. पाईपाच्या खाली-वर चार इंच रेती टाका, निघालेली ढेकळं परत तशीच लोटू नका. पाण्याच्या मीटरनंतर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं न जाऊ देणारी झडप) बसवा, बाण घराकडे.

शेतातला उरलेला पाईप घरात

पाईप-ठिबकच्या या पट्ट्यात घरोघरी पाच-दहा नळ्या पडून असतात. त्या वापरू नका. बांधावर दोन उन्हाळे काढलेला पीव्हीसी ठिसूळ होतो, दाब सोसण्याचा वर्ग अनेकदा ४ किलोचाच असतो आणि जुन्या मालात शिशाचा स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिक टिकवण्यासाठी मिसळलेलं शिशाचं संयुग असू शकतं. त्यावर केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. घरात सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाईप) घ्या, आयएस १५७७८ हा मानकाचा क्रमांक छापलेला, उन्हातल्या आणि गरम पाण्याच्या लाईनला जाड भिंतीचा एसडीआर ११.

जोड सुटतात ते का

चाळीस अंशांच्या उन्हात पाईप जोडायचं सोल्यूशन ब्रशवरच सुकतं. पाईप सावलीत ठेवा, जोडकाम सकाळी दहाच्या आत उरका. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्यूशन, आणि घट्ट झालं तर थिनर न घालता डबा टाकून द्या. पाईप सरळ कापा, आतला-बाहेरचा काठ कानसीने मोडा, फडक्याने कोरडा पुसा. सुका पाईप फिटिंगात एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश जायला हवा. दोन्हीकडे पातळ थर लावून पाव वळसा देत तळापर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडलात तर पाईप मागे सरकतो. २४ तास पाणी सोडू नका. म्हणून नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू करा, टाकी आणि हौद भरलेले असताना.

धातूचे नर (बाहेरून कापलेले) आटे प्लास्टिकच्या मादी (आतून कापलेल्या) आट्यांत कधीही आवळू नका, ती चिरते, कधी महिन्याने. पितळी आट्यांचंच फिटिंग घ्या. ताग आणि सफेदा जीआयवर चालायचा. तेलकट सफेदा सीपीव्हीसीला मानवत नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने सहा-आठ फेरे, हाताने घट्ट आणि वर पान्याने एक-दीड फेरा, बस. जुना जीआय सोडवताना दोन पाने लावा, नाहीतर फिरवताना भिंतीतला पुढचा जोड तुटतो.

दहा मीटर सीपीव्हीसी चाळीस अंशांच्या फरकाने साधारण एक इंच वाढतो. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत गच्चीवरच्या पाईपात एवढा फरक सहज पडतो. क्लॅम्प दर तीन फुटांवर लावा, पण पाईप सरकू द्या. लांब सरळ लाईनीत एक वळसा ठेवा आणि उन्हातल्या भागाला पाण्यात कालवायचा पांढरा रंग मारा.

पाणी सोडल्यावर

टाकी भरलेली असूनही खालचा नळ फुसफुसत असेल तर हवा अडकली आहे. लाईन कुठे उंचावून परत खाली आली आहे का ते पाहा, आणि टाकीच्या आउटलेटजवळ टाकीपेक्षा उंच हवेची नळी काढा. सगळीकडे धार चांगली, एकाच नळाला कमी, तर त्याची जाळी काढून बघा.

लाईन प्लास्टरने झाकण्यापूर्वी दाब तपासायच्या हातपंपाने पाण्याचा ७ किलो दाब द्या, दोन तास काटा हलायला नको. कॉम्प्रेसरची हवा भरून तपासू नका. फुटला तर प्लास्टिकचे तुकडे उडतात. मग नळांच्या जाळ्या काढून, गीझर बंद ठेवून, प्रत्येक नळ दहा मिनिटं वाहू द्या. गीझरमध्ये पाणी पूर्ण भरून गरम नळातून सलग धार आल्यावरच त्याचा स्विच लावा.