परदेशी निघण्याआधी बॅकअपची तयारी

पुण्याहून लंडनला मुक्काम हलवायचा असेल आणि लॅपटॉपचा बॅकअप पेनड्राइव्हवर असेल, तर बॅगा भरण्याआधी त्या पेनड्राइव्हचा फॉरमॅट बघा. फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट-४ या दोन्ही पद्धती फाइल बदलल्याची वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत ठेवतात, त्यामुळे टाइमझोन बदलला तरी नोंद हलत नाही. पेनड्राइव्हवर बहुधा सापडणारी फॅट-३२ मात्र नुसती भिंतीवरच्या घड्याळातली वेळ लिहिते. भिंत कुठल्या गावची, ते लिहीत नाही.

समजा, संध्याकाळी ६ ला सेव्ह केलेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ८ ला लॅपटॉपवर त्याच फाइलमध्ये आणखी काम केलं. हिवाळ्यात लंडनला उतरून टाइमझोन बदलला, की पेनड्राइव्हवरचे ६ लंडनचे धरले जातात, म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. दोन्ही बाजूंनी सिंक करणारं, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती सारख्या करणारं सॉफ्टवेअर जुन्या प्रतीला नवी समजून ८ चं काम पुसून टाकू शकतं. वर एररही येत नाही!

म्हणून निघण्याआधी पेनड्राइव्ह एनटीएफएस करून बॅकअप नव्याने घ्या. फॉरमॅट करताना आधीचं सगळं जातं, तेव्हा एक प्रत दुसरीकडे असू द्या. मॅक वापरत असाल तर हा मार्ग नाही, कारण मॅक एनटीएफएस वाचतो, पण एरवी त्यावर लिहीत नाही. मग पोहोचल्यावर पहिला सिंक आधी ड्राय रन करून पाहा, म्हणजे काहीही न बदलता काय बदलेल त्याची नुसती यादी बघा. न उघडलेल्या शेकडो फाइली 'बदललेल्या' दिसल्या आणि प्रत्येकीत फरक नेमका साडेपाच तासांचा असला, तर दोष घड्याळाचा. अशा वेळी आरसिंक (फाइली कॉपी-सिंक करणारा प्रोग्राम) चेकसमवर, म्हणजे वेळेऐवजी मजकुरावरून काढलेल्या आकड्यावर चालवा. आतला मजकूर वाचून तुलना होते, वेळ भरपूर लागतो. रोज करायची गोष्ट नाही ही.

मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी ब्रिटनमध्ये घड्याळ तासभर सरकतं. भारतात ही भानगड नसल्याने आपल्याला त्याची सवय नसते. रोबोकॉपीत (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड) त्या एका तासासाठी डीएसटी हा पर्याय आहे. फॅटची वेळ दोन-दोन सेकंदांनीच पुढे जाते, त्यासाठी एफएफटी. आरसिंकमध्ये तेच काम मॉडिफाय-विंडो करतं.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर हार्डवेअर घड्याळ दोघांनाही यूटीसीत धरायला लावा. नाहीतर मेक (प्रोग्रामचा कोड बांधणारं साधन) 'क्लॉक स्क्यू'ची, म्हणजे फाइलची वेळ घड्याळाच्या पुढे असल्याची तक्रार करत राहतो.