साहित्य संमेलनाच्या नावनोंदणीचा अर्ज वेब पानावर कसा बांधावा

कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या बेळगाव तालुक्यातील गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. अशा एखाद्या संमेलनाची नावनोंदणी वेब पानावरून घ्यायची असेल, तर अर्ज कसा बांधावा हे येथे सांगतो. हीच रीत वाचनालयाच्या सभासदत्वाला किंवा शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यालाही चालते. सीमाभागातला माणूस मराठी आणि कन्नड अशा दोन लिपींच्या सहवासात राहतो. त्याला स्वतःचे नाव आणि गाव आपल्या पद्धतीने लिहिता आले नाही, तर बाकीची सजावट व्यर्थ आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदावर प्रश्न लिहावेत आणि प्रत्येकासमोर त्या उत्तराचे आपण काय करणार हे नोंदवावे. नाव, गाव, मोबाइल क्रमांक, दुपारचे जेवण आणि कविसंमेलनातील सहभाग एवढे पुरते. आधार क्रमांक किंवा जन्मतारीख यांचा संमेलनाशी संबंध नाही, म्हणून त्या विचारू नयेत.

अर्जाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पान लिहिण्याच्या खूणभाषेत, उभा राहतो. पानाची भाषा मराठी आहे हे ‘लँग’ या गुणधर्माने सांगावे, म्हणजे स्क्रीन रीडर, अर्थात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधन, तो मराठी उच्चारात वाचू शकतो. कन्नड मथळा दिला असेल, तर तेवढ्या भागाची भाषा कन्नड अशी वेगळी नोंदवावी. उत्तर लिहायच्या प्रत्येक चौकटीला ‘लेबल’, म्हणजे तिचे नाव सांगणारी पट्टी, असावे आणि लेबलमधील ‘फॉर’ची किंमत चौकटीच्या ‘आयडी’शी तंतोतंत जुळावी. चौकटीतल्या फिकट सूचनेवर, म्हणजे प्लेसहोल्डरवर, विसंबू नये, कारण पहिले अक्षर उमटताच ती नाहीशी होते आणि वयस्कर वाचक आपण काय लिहीत होतो याचा विचार करत थांबतो. जेवणाचे होय-नाही पर्याय ‘फील्डसेट’ या गटात घालून त्यांना ‘लेजंड’ने मथळा द्यावा. चौकटीतील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नयेत, अन्यथा आयफोनवर चौकटीला स्पर्श करताच पान आपोआप मोठे होते.

नावाच्या चौकटीवर सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम लिहिताना अनेकजण युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संहितेतील, अक्षर हा एकच वर्ग वापरतात. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि हलंत ही चिन्हे त्या वर्गात येत नाहीत. ती ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात मोडतात. परिणामी ‘मदन’ हे नाव स्वीकारले जाते आणि ‘सुनीता’ किंवा ‘पाटील’ नाकारले जाते. नियम ठेवायचाच असेल, तर अक्षर आणि मार्क हे दोन्ही वर्ग, त्यांसोबत रिकामी जागा, टिंब आणि सांधणाऱ्या अदृश्य खुणाही मान्य कराव्यात. माझा सल्ला मात्र नावावर असा कोणताही नियम न लावण्याचा आहे. लांबीची मर्यादाही सढळ असावी: ‘श्रीकृष्ण’ डोळ्याला ३ अक्षरांचे दिसते, पण लांबीची मर्यादा ठरवणारा ‘मॅक्सलेंग्थ’ हा गुणधर्म ते ९ मोजतो. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन सक्तीच्या चौकटीही करू नयेत. आद्याक्षरे लावून नाव लिहिणारे लोक आपल्याच शेजारी आहेत.

मोबाइल क्रमांकासाठी चौकटीचा प्रकार ‘टेल’ ठेवावा, ‘नंबर’ नव्हे. ‘नंबर’ प्रकारात देवनागरी अंक बहुतेकदा ग्राह्य धरले जात नाहीत आणि त्यांची किंमत रिकामी येते. आमच्या पहिल्या अर्जात हाच दोष होता. एका ज्येष्ठ वाचक बाईंनी क्रमांक अचूक लिहूनही चौकट रिकामी असल्याचा संदेश त्यांना पुन्हा पुन्हा दिसत राहिला, याचे मला आजही वाईट वाटते. उपाय सोपा आहे. चौकट सोडताच जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीने, प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक पाहावा: २४०६ ते २४१५ असेल तर त्यातून २४०६ वजा करावेत, ३३०२ ते ३३११ असेल तर तो कन्नड अंक आहे, त्यातून ३३०२ वजा करावेत, उरते ती अंकाची किंमत. मधल्या जागा आणि सुरुवातीचे ‘+९१’ काढून टाकावे आणि त्यानंतरच क्रमांक १० अंकी आहे व त्याचा पहिला अंक ६ ते ९ मधील आहे हे तपासावे.

गावासाठी बंद यादी देऊ नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे आणि मराठी माणूस बेळगाव लिहितो. चंदगड, गडहिंग्लजकडून येणारा पाहुणा तर महाराष्ट्रातला असतो. म्हणून मोकळी चौकट ठेवून तिला ‘डेटालिस्ट’, म्हणजे सुचवलेल्या नावांची यादी, जोडावी. त्यामुळे सूचना दिसतात, पण वेगळे नाव लिहिण्याची मुभा राहते.

कविता सादर करणार असल्याचे निवडले, तरच कवितेच्या शीर्षकाची चौकट दिसावी. येथे एक फसगत होते. चौकट केवळ लपवली आणि तिच्यावरची ‘रिक्वायर्ड’ ही सक्ती तशीच राहिली, तर ब्राउझर अर्ज अडवतो आणि कारण मात्र पडद्यावर दिसत नाही. म्हणून ती चौकट स्वतंत्र फील्डसेटमध्ये ठेवून लपवताना त्याला ‘डिसेबल्ड’ही, म्हणजे निष्क्रियही, करावे.

चूक दाखवणारा संदेश प्रत्येक अक्षरागणिक न देता चौकट सोडल्यावर द्यावा. ब्राउझरचे स्वतःचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात; मराठी संदेश जावास्क्रिप्टच्या ‘सेट कस्टम व्हॅलिडिटी’ या आज्ञेने देता येतो, पण उत्तर सुधारल्यावर तो रिकाम्या मजकुराने पुसावा लागतो, नाहीतर बरोबर भरलेला अर्जही पुढे जात नाही. संदेश ‘अवैध माहिती’ असा कोरडा नसावा. ‘मोबाइल क्रमांकात ९ अंक आहेत, १० हवेत’ असे लिहिले की माणसाला नेमके काय करावे ते कळते.

अर्ज ‘पोस्ट’ पद्धतीने पाठवावा, कारण ‘गेट’मध्ये नाव आणि क्रमांक पत्त्याच्या ओळीत उघडे पडतात. ब्राउझरमधील तपासणी टाळता येते, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकावर, पुन्हा करावी. खानापूरच्या रानभागात नेटवर्क क्षीण असेल तेथे लोक बटण दोनदा दाबतात. पाठवताच बटण बंद करून ‘नोंदणी होत आहे’ असे दाखवावे, उत्तर न आल्यास ते पुन्हा चालू करावे, आणि प्रत्येक अर्जासोबत एक एकमेव खूण पाठवून सर्व्हरने दुसरी प्रत ओळखावी.

प्रसिद्ध करण्यापूर्वी अर्ज मोबाइलवर मराठी कीबोर्डने, कन्नड कीबोर्डने आणि माउसशिवाय केवळ टॅब कळीने असा तीनदा भरून पाहावा, आणि नोंदवहीत उतरलेली नावे अक्षर न् अक्षर जुळतात का ते वाचावे. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर साठवणीची लिपीसंहिता यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हे साठवण्याची पद्धत) आहे का हे आधी तपासावे.