अपग्रेड करताना कॉन्फिग फाईल्सचा घोळ होतो तो कुठे? या चुका टाळा

रात्री साडेअकराला लिनक्स सर्व्हर अपग्रेडला लावला, मध्येच निळा स्क्रीन आला, एसएसएचच्या (लांबून लॉगिन करायच्या सोयीच्या) कॉन्फिगचं, म्हणजे सेटिंग्जच्या फाईलचं, काय करू म्हणून विचारत होता, आणि मी अर्धवट झोपेत वरचा पर्याय निवडून एंटर मारला. वरचा पर्याय म्हणजे पॅकेजबरोबर आलेली नवीन फाईल बसवा. माझ्या फाईलमध्ये पोर्ट बदललेला, फायरवॉलमध्ये तेवढा एकच पोर्ट उघडा, आणि सर्व्हिस रीस्टार्ट होऊन बसली २२ या नेहमीच्या पोर्टवर. चालू सेशन अशा वेळी तुटत नाही, त्यामुळे काही कळलंच नाही, मी खुशाल एक्झिट मारून लॅपटॉप मिटला. सकाळी टाइमआउट. शेवटी वेब कन्सोलमधून आत शिरलो तर माझी जुनी फाईल शेजारीच, नावापुढे ‘.यूसीएफ-ओल्ड’ लावून, निवांत पडलेली!

म्हणजे पुसलं काहीच नव्हतं. पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा, अपग्रेड करणारा प्रोग्राम) आपल्याला वाटतो तेवढा आडदांड नसतो, उलट बऱ्याचदा तो जरा जास्तच जपून वागतो, आणि गोंधळ होतो तो त्याने काय जपलं आणि कुठे ठेवलं हे आपण बघत नाही म्हणून.

प्रश्न न वाचता वाय किंवा एन दाबणं

डेबियन, उबुंटूवर डीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर तीन गोष्टी ताडून बघतो: मागच्या पॅकेजमधली मूळ फाईल, आत्ता डिस्कवर आहे ती, आणि नवीन पॅकेजमधली. तुम्ही हात लावलेला नसेल तर गुपचूप नवीन बसवतो. तुम्ही बदललीय पण पॅकेजवाल्यांनी काही बदललं नाही, तर तुमची राहते, तेही गुपचूप. दोघांनीही बदललं असेल तेव्हाच विचारतो. म्हणजे प्रश्न आला याचा अर्थच असा की पलीकडच्या बाजूलाही काहीतरी बदललंय, आणि तेच नेमकं आपण बघत नाही. डी दाबा, फरक दिसतो. झेड दाबलं तर शेल मिळतो, आत जाऊन नीट तपासून परत येता येतं. नुसतं एंटर मारलं तर जुनी राहते आणि नवीन ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने बाजूला पडते.

‘आपलीच ठेवा’ म्हणजे सेफ, असं धरून चालणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण त्या दिवशी सगळं चालतंय असं वाटतं. डोव्हकॉट या मेल सर्व्हरचंच घ्या, २.४ आवृत्ती २०२५ मध्ये आली, डेबियन १३ मध्ये तीच आहे, आणि २.३ चं कॉन्फिग तिला चालत नाही, फाईलमध्ये पहिली सेटिंग म्हणून कॉन्फिगची आवृत्तीच लिहावी लागते. तिथे जुनी फाईल जपून ठेवली की मेल सर्व्हर उठतच नाही. हे तरी बरं, लगेच कळतं. वाईट प्रकार म्हणजे नवीन फाईलमध्ये एखादी सिक्युरिटीची सेटिंग आलेली असते आणि तुमची पाच वर्षांपूर्वीची फाईल ती न घेता आरामात चालू राहते.

म्हणून अपग्रेड झाल्यावर ईटीसी फोल्डरमध्ये (कॉन्फिग फाईली तिथेच असतात) अशा बाजूला पडलेल्या फाईलींसाठी फाईंड मारायचाच. आर्चवर शेपूट ‘.पॅकन्यू’ असतं, तिथे फरक बघायला पॅकडिफ वापरा. फेडोरा, रेड हॅटकडे ‘.आरपीएमन्यू’ आणि ‘.आरपीएमसेव्ह’, आणि या दोघांत लोक कायम गोंधळतात: न्यू दिसलं तर तुमची फाईल चालू आहे आणि नवीन बाजूला आहे, सेव्ह दिसलं तर बरोबर उलटं, नवीन लागू झालीय आणि तुमची बाजूला काढलीय. यातलं काय होणार हे पॅकेज बनवणाऱ्याने स्पेक फाईलमध्ये ‘नोरिप्लेस’ लिहिलंय का त्यावर ठरतं, आपल्याला तिथे कुणी विचारत नाही.

बॅकअप त्याच फोल्डरमध्ये

डेबियनचा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ‘साइट्स-एनेबल्ड’ मधलं सगळं वाचतो, शेवटी डॉट कॉन्फ असो नसो. तिथेच ‘डिफॉल्ट.बॅक’ करून ठेवलं की डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हरची एरर येते आणि माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो. उलटा प्रकार सुडोअर्सच्या (अ‍ॅडमिनचे अधिकार कुणाला ते ठरवणाऱ्या) ‘.डी’ फोल्डरमध्ये: नावात टिंब असेल तर ती फाईल वाचलीच जात नाही, एररही येत नाही.

बॅकअप बाहेर ठेवा आणि कॉपीच्या सीपी कमांडला ‘-ए’ द्या, नाहीतर ओनर आणि परमिशन बदलतात. त्याहून सोपं म्हणजे ईटीसीकीपर टाका, अपग्रेडच्या आधी आणि नंतर तो आपोआप गिटमध्ये कमिट करतो, म्हणजे बदलांची नोंद ठेवतो. फक्त ती रेपो कुठे पब्लिक ढकलू नका, त्यात पासवर्डचे हॅश असलेली शॅडो फाईलही असते.

मूळ फाईलच खरडत बसणं

‘.डी’ फोल्डरची (त्यातल्या फाईली मूळ कॉन्फिगला जोडून वाचल्या जातात) सोय असेल तर आपले चार बदल वेगळ्या फाईलमध्ये टाका, मूळ फाईल तशीच राहिली की अपग्रेडमध्ये प्रश्नच येत नाही. सिस्टमडीच्या (सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिटसाठी तर सिस्टमसीटीएल एडिटच वापरा, यूएसआर मधली युनिट फाईल पुढच्या अपडेटला न विचारता बदलली जाते. (एक्झेकस्टार्ट, म्हणजे सर्व्हिस सुरू करणारी कमांड, बदलताना आधी ती ओळ रिकामी लिहावी लागते, मग नवीन, नाहीतर सर्व्हिस लोड व्हायलाच नकार देते.) एसएसएचमध्ये एक गंमत आहे, तिथे जी सेटिंग पहिली सापडते ती चालते, त्यामुळे ९९ नंबरची फाईल करून ‘आता माझंच चालणार’ म्हणत बसलात तर ५० नंबरची क्लाउड-इनिटची (क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सेट करणाऱ्या प्रोग्रामची) फाईल आधीच बाजी मारून गेलेली असते.

फाईल उडवून रीइन्स्टॉल

कॉन्फिग बिघडलं म्हणून डिलीट केलं, पॅकेज रीइन्स्टॉल केलं, तरी फाईल येत नाही. डीपीकेजीच्या लेखी फाईल काढणं हाही तुमचाच निर्णय, तो तो पाळतो. परत हवी तर ‘फोर्स-कॉन्फमिस’ द्यावं लागतं. आणि रिमूव्हने कॉन्फिग जात नाही, पर्जने जातं, आणि लोकांना हे चुकीच्या दिवशी कळतं.

ऑटोमॅटिक अपडेटवर सोडून देणं

अनअटेंडेड-अपग्रेड्स (डेबियन, उबुंटूवर आपोआप अपडेट करणारा प्रोग्राम) ज्या पॅकेजमध्ये असा प्रश्न येणार असतो ते पॅकेज सोडून पुढे जातो. म्हणजे तुम्ही बदललेल्या फाईलमुळे एखादा सिक्युरिटी अपडेट महिनोन्महिने लटकलेला असू शकतो, लॉग अधूनमधून बघा. स्क्रिप्टमध्ये नॉनइंटरॅक्टिव्ह लावलं म्हणून डीपीकेजीचा प्रश्न बंद होत नाही, ती सेटिंग डेबकॉनफपुरती (पॅकेज बसवताना येणाऱ्या सेटअपच्या प्रश्नांपुरती) असते. इथे ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ दोन्ही द्यायचे, आणि नंतर डिस्टवाल्या फाईली बघायला कॅलेंडरमध्ये आठवण लावायची.

आता मी एसएसएचचा अपग्रेड असला की सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावर ‘एसएसएचडी’ला ‘-टी’ देऊन कॉन्फिग तपासतो, दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने लॉगिन करून बघतो, आणि ते आत गेलं तरच पहिलं सेशन बंद करतो.