रियाधमध्ये नव्याने संसार मांडताना

नवऱ्याच्या नोकरीपायी रियाधला येणाऱ्या मैत्रिणी मला सगळ्यात आधी अबायाचं, म्हणजे इथल्या बायकांच्या अंगभर झग्याचं विचारतात. मी म्हणते, ते होईल, आधी फोनमध्ये नमाजच्या वेळा दाखवणारं ॲप घ्या. मला इथे ११ वर्षं झाली. घराचं घड्याळ अजानला जुळवलं की निम्मी दगदग संपते.

मगरीबची नमाज सूर्यास्ताला, आणि इथल्या सरकारी पंचांगाप्रमाणे त्यानंतर दीड तासाने इशा. रमजानमध्ये हेच अंतर दोन तासांचं होतं. बाजारहाट या मधल्या वेळात उरकायचा. २०२१ पासून नमाजच्या वेळी दुकानं उघडी ठेवायची मुभा आहे, त्यामुळे मॉलमध्ये आता काही अडत नाही. आमच्या गल्लीतला बकाला, म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, मात्र अजूनही शटर ओढतो. लेक सहा महिन्यांची असताना एकदा दुधाची पावडर संपली आणि मी पोहोचेपर्यंत इशाची अजान झाली. तिला कडेवर घेऊन वीस-पंचवीस मिनिटं त्या पायरीवर उभी होते. तेव्हापासून दूध, खबूस म्हणजे इथली रोटी, पाणी, सगळं मगरीब झाल्या झाल्या.

अबायाची सक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही, सैल आणि अंगभर कपडे पुरतात. तरी एक साधा काळा अबाया दारामागे टांगलेला असू द्या. सरकारी कामाला किंवा जुन्या बाजारात तो घालून गेलं की मनाला निर्धास्त वाटतं.

पैशांचा हिशेब निघण्यापूर्वीच करा. कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क आहे. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाचे १४,४०० रियाल, आणि ते भरल्याशिवाय इक़ाम्याचं, म्हणजे इथल्या निवास परवान्याचं नूतनीकरण होत नाही. कंपनी देणार की आपण, हे ऑफर लेटरमध्ये लिहूनच घ्या.

आता सामान. खसखस आणू नका, चमचाभरसुद्धा नाही. इथे ती अमली पदार्थांत धरतात. आई दिवाळीच्या डब्यात पुडी सरकवते, म्हणून बॅग स्वतः भरा. माझे अनारसे मी पांढऱ्या तिळांवर थापते. तीळ लवकर लाल होतात, म्हणून तूप मंद ठेवायचं, तिळाची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्याने तूप उडवत राहायचं. जाळी अगदी तशीच पडते. वेदनाशामक गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा.

देवाच्या मूर्तीही आणू नका. सार्वजनिक पूजेला इथे परवानगी नाही. चतुर्थीला मी हळदीचा गणपती घरीच वळते. दार लावून, हळू आवाजात आरती. विसर्जन बादलीत, आणि ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला. माझी मुलं याच गणपतीबरोबर वाढली आणि त्यांना त्यात काही कमी वाटलेलं नाही.

रमजानमध्ये दिवसा बाहेर खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही. हा नियम आपल्यालाही लागू आहे. मुलांना नीट समजावून सांगा, ती ऐकतात.

शेजार जपा. पुरुषांनी शेजाऱ्याच्या बायकोचं नाव घेऊन चौकशी करू नये. 'कैफ अल-अहल', घरचे कसे आहेत, एवढंच विचारायचं. बायकांचं वेगळं. समोरच्या घरातली बाई मला माझ्या मुलाच्या नावाने 'उम्म ओंकार', ओंकारची आई, म्हणते, मी तिला उम्म खालिद. पहिल्या रमजानला तिने इफ्तारच्या वेळी समोशांचं ताट पाठवलं. मी ते रिकामं परत केलं नाही, बेसनाचे लाडू घालून दिले. आता दर रमजानला तिचा खालिद ताट घेऊन दारात येतो आणि आधी विचारतो, लाडू झाले का.